खान्देशात घोडीसाठी वाटा कशा शोधायच्या

जळगावच्या एका भावाने विचारलंय की मागच्या दत्त जयंतीला सारंगखेड्याच्या बाजारातून घोडी घेतली, मारवाडी आहे, वय सहा वर्षं, आतापर्यंत घराजवळच्या डांबरी रस्त्यावर आणि मोकळ्या प्लॉटवरच फिरवली, आता लांब जायचंय पण आपल्याकडे घोड्याच्या ट्रेल आहेत तरी कुठे, आणि दुसरं म्हणजे घोडी पाण्यात पाय टाकत नाही. मी 22 वर्षं झाली धुळे, जळगाव, नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांत घोड्यावर फिरतोय, स्वतःची दोन जनावरं आहेत, म्हणून जरा सविस्तरच सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे पाटी लावलेली, आखून दिलेली ट्रेल आपल्याकडे शोधू नका, ती नाही. पण वाटा मात्र इतक्या आहेत की जन्मभर पुरतील. बैलगाडीने पाडलेल्या, मेंढरांनी पाडलेल्या, बाजाराला डोक्यावर पाटी घेऊन चालत जाणाऱ्या बायांनी पाडलेल्या. हा सगळा मुलूखच वाहतुकीचा होता भाऊ, सुरतेहून बऱ्हाणपूरला जाणारा जुना व्यापारी रस्ता नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा असाच जायचा, बैलांचे तांडे आणि घोडी याच मातीतून गेलीत. त्यामुळे नवीन ट्रेल बनवायची नाहीये, आहे ती वाट ओळखायची, आणि मग घोडी न्यायच्या आधी ती स्वतःच्या पायाने चालून बघायची. मी आजपर्यंत जे जे नुकसान केलंय ते सगळं न चालता घोडं घातल्यामुळे केलंय, म्हणून हे सगळ्यात आधी सांगतोय.

आता शोधायचं कसं. मी तीन नकाशे एकमेकांवर ठेवून बघतो. एक म्हणजे गाव नकाशा, महाभूनकाशाच्या साइटवर जिल्हा, तालुका, गाव टाकलं की गटांच्या हद्दी दिसतात, पण जुन्या गाडीवाटा आणि पाऊलवाटा बघायला तलाठी कार्यालयातला किंवा भूमी अभिलेखचा मूळ गाव नकाशाच बघावा, त्यात दुहेरी तुटक रेघ म्हणजे गाडीवाट आणि एकेरी तुटक रेघ म्हणजे पाऊलवाट. दोन गावांच्या शिवेवरून जाणारा शिवरस्ता तर घोड्यासाठी सोनं आहे, कारण तो सहसा लांब असतो आणि दोन्ही गावांना त्याची सवय असते. दुसरा म्हणजे सर्व्हे ऑफ इंडियाची टोपोशीट, 1:50,000 ची, त्यांच्या साइटवरून पीडीएफ मिळते. त्यात गाडीवाट, पाऊलवाट, विहीर, नाला, देऊळ सगळं असतं आणि समोच्च रेषा, म्हणजे एकाच उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, उंचीच्या 20 मीटर फरकाने असतात. नकाशावर 1 सेंटिमीटर म्हणजे जमिनीवर 500 मीटर, तेव्हा एका सेंटिमीटरात वाट पाच रेषा कापत असेल तर 500 मीटरला 100 मीटर चढ झाला, म्हणजे पाचास एक. असा चढ नवीन घोडीवर बसून करू नका, उतरा आणि हातात लगाम धरून चाला, उतार असला तर नक्कीच. तिसरा नकाशा म्हणजे गूगल अर्थ, त्यात जुन्या तारखांचे फोटो बघता येतात, मी एक पावसाळ्यानंतरचा आणि एक एप्रिल-मेचा असे दोन बघतो. उन्हाळ्यात पांढरी ठळक दिसणारी रेघ पावसाळ्यानंतर हिरव्यात गायब होत असेल तर ती वाट नाही, नांगरट झालेल्या शेतातनं ट्रॅक्टर गेलेला असतो. दोन्हीत दिसते ती खरी.

पण नकाशा म्हातारा असतो, माणूस ताजा असतो. साक्री तालुक्यातले ठेलारी धनगर मेंढरं घेऊन फिरतात आणि कित्येकांच्या कळपासोबत बिऱ्हाड लादलेलं घोडं असतंच, त्यांच्याइतकी वाटांची माहिती कोणत्याच खात्याकडे नाही. त्यांच्याजवळ जाताना लांबूनच उतरा, घोडी हातात धरून जा, कारण कळपाची कुत्री घोड्यावर बसलेल्या माणसाला सोडत नाहीत आणि त्यांचा काही दोष नाही, ते त्यांचं कामच आहे. रामराम घाला, बसा थोडं, आणि मग विचारा. हा रस्ता कुठे जातो असं विचारलंत तर उत्तर मिळतं पण कामाचं मिळत नाही. विचारायचं असं की शेवटची बैलगाडी इथून कधी गेली, जनावरांना पाणी कुठे पाजता, कुठे तार लावलीय का, कुठे गारा, म्हणजे आपल्या अहिराणीत चिखल, आहे का. मला एकदा पिंपळनेरच्या बाजूला एका बाबांनी एवढंच सांगितलं, "भाऊ, तठे जाऊ नका, तठे गारा शे", वरून जमीन कोरडी दिसत होती, काठी खुपसून बघितली तर हातभर आत गेली.

दुसरी युक्ती आठवडे बाजाराची. सातपुड्यात, धडगाव-तोरणमाळकडे किंवा चोपडा-यावलच्या वरच्या पाड्यांत, बाजाराच्या दिवशी सकाळी सकाळी बाजाराच्या गावाबाहेर नुसतं उभं राहायचं आणि बघायचं माणसं कोणकोणत्या बाजूनं उतरतायत. पावरा, भिल्ल मंडळी जिथून शेळ्या आणि ओझं घेऊन येतात ती वाट रोजच्या वापरातली, चढ मानवेल असा, आणि त्यावर पाणी कुठे ना कुठे असणारच. अशी वाट कोणत्याही ॲपवर दिसत नाही. फक्त बाजाराच्या दिवशी त्या वाटेवर घोडी घालू नका, लहान मुलं आणि म्हाताऱ्या माणसांना अरुंद वाटेवर बाजूला व्हायला लावणं बरं नाही, दुसऱ्या दिवशी जा.

मग पायी चालून बघणं. मी एकटा किंवा मुलाला घेऊन जातो, हातात काठी, मोबाइलवर ट्रॅक रेकॉर्ड चालू आणि नकाशा आधीच डाउनलोड केलेला कारण सातपुड्याच्या पायथ्याशी रेंज जाते. काय बघायचं ते सांगतो. सगळ्यात आधी विहिरी. आपल्याकडे शेताच्या कडेला कठडा नसलेल्या जुन्या विहिरी आहेत, पावसाळ्यानंतर त्यांच्याभोवती गवत माणसाच्या कमरेला लागतं आणि वाटेपासून दोन पावलांवर विहीर आहे हे कळतसुद्धा नाही. घोडी बुजली आणि आडवी उडाली तर संपलं. अशी प्रत्येक विहीर मी ट्रॅकवर खूण करून ठेवतो. दुसरं झटका मशीन, रानडुकरांसाठी शेतकरी तार लावतात, बारीक असते, घोड्याला दिसत नाही. झटक्याने जनावर मरत नाही पण जे उधळतं ते थांबत नाही. त्याहून वाईट म्हणजे काही ठिकाणी थेट लाइनचा करंट सोडलेला असतो, बेकायदेशीर आहे पण असतो, आणि तो रात्रीचा असतो. म्हणून माझा नियम आहे, दिवस मावळायच्या आत डांबरी किंवा गावाच्या रस्त्यावर यायचंच, शेतातल्या वाटेवर अंधारात घोडी नाही. तिसरं आग्या मोहोळ. जुने पूल, कड्याच्या कपारी, मोठी वडा-पिंपळाची झाडं, पाण्याच्या टाक्या, मान वर करून बघत चाला. बांधलेलं घोडं मोहोळात सापडलं तर वाचत नाही.

आणि ठिबक. रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात तर पावलोपावली. बांधावर, कधी वाटेवरसुद्धा नळ्या आलेल्या असतात आणि एक खूर पडला की नळी फाटली, शेतकऱ्याचं नुकसान झालं आणि त्या गावात घोडेवाल्याला परत कोणी येऊ देणार नाही. चुकून फाटलीच तर तिथेच थांबून मालकाला शोधा, पैसे द्या, मीही दिलेत. बांधावरून रस्ता हा विषय तर आपल्याकडे किती नाजूक आहे तुम्हाला माहितीये. महसूल अधिनियमाच्या कलम 143 खाली तहसीलदार बांधावरून रस्ता देतात तो शेतकऱ्याला त्याच्या शेतात जायला देतात, तुम्हा-आम्हाला रपेटीसाठी नाही. त्यामुळे पाणंद, शिवरस्ता, गाडीवाट हे आपलं, आणि बांध आला की आधी मालकाला विचारायचं. नाही म्हणाला तर वळायचं, वाद घालायचा नाही.

आता कुठे जायचं ते. सुरुवात तुम्ही माळरानावर करा, म्हणजे धुळ्याच्या आणि साक्रीच्या बाजूला. मुरमाड जमीन, लांबवर दिसतं, पिकं कमी, खुराला पकड चांगली. या भागात एक मजेदार रचना आहे, जमिनीतून पूर्व-पश्चिम काळ्या दगडाच्या लांबच लांब भिंती वर आलेल्या आहेत, लाव्हा भेगांत शिरून थिजला त्याच्या या भिंती, भूगोलवाले डाइक म्हणतात. धुळे-नंदुरबार पट्टा त्यासाठी जगात प्रसिद्ध आहे. घोडेस्वाराला त्याचा अर्थ असा की पूर्व-पश्चिम तुम्ही आरामात मैलोन्‌मैल जाल पण उत्तर-दक्षिण जायचं झालं की भिंत आडवी येते आणि मग तिच्यातली खिंड, आपल्याकडे बारी म्हणतात ती, शोधावी लागते. बारीतून वाट असतेच, कारण बैलगाडीलाही तिथूनच जावं लागलं. ब्राह्मणवेलकडे पवनचक्क्यांसाठी केलेले मुरमाचे रस्ते आहेत, रुंद आणि चांगले, पण पात्यांची फिरती सावली जमिनीवर पडते तिला नवीन घोडी बुजते, म्हणून आधी लांबून, वाऱ्याच्या दिवशी तर नकोच. तिथे सिक्युरिटीला विचारून जा.

पांझरेच्या काठी फड पद्धतीचे, म्हणजे गावाने मिळून पाणी वाटून घ्यायच्या जुन्या पद्धतीचे, बंधारे आणि पाट आहेत, काही शेकडो वर्षांचे, अजून चालू आहेत. पाटाच्या कडेची वाट सपाट, झाडांची सावली, आणि घोडीला पाण्याची ओळख करून द्यायला याहून चांगली जागा नाही, त्याबद्दल शेवटी सांगतो. तुम्हाला घराजवळ हवं असेल तर जामदा आणि हतनूरच्या कालव्यांचे सर्व्हिस रोड बघा, पण भरलेल्या काँक्रीट अस्तराच्या कालव्याजवळ घोडी नेऊ नका, त्यात पडलेलं जनावर गुळगुळीत उतारावरून स्वतः बाहेर येऊ शकत नाही.

सातपुड्याचा पायथा दिसायला फार सुंदर, पण दोन गोष्टी. डोंगरातून आलेला गोटा-वाळू-खडीचा जो पट्टा रावेर, यावल, चोपड्याच्या उत्तरेला आहे त्याला बाजाडा म्हणतात, तिथे नाल्याचं पाणी लगेच जमिनीत मुरतं. नोव्हेंबरात वाहणारा नाला जानेवारीत ठणठणीत कोरडा असतो. घोड्याला साध्या दिवशीही 25 ते 45 लिटर पाणी लागतं, तेव्हा त्या भागात पाण्याची जागा आदल्या दिवशी बघून यायची, मागच्या वर्षी होतं म्हणून चालत नाही. आणि दुसरं, गोटे. नाल ठोकलेली नसेल तर तिकडे नकोच.

जंगलाचं स्पष्ट सांगतो. यावल अभयारण्य, शिरपूरकडचं अनेर धरण अभयारण्य, चाळीसगावजवळ पाटणादेवी ज्यात येते ते गौताळा औट्रमघाट अभयारण्य, इथे वनखात्याच्या परवानगीशिवाय घोडं न्यायचं नाही, वन्यजीव कायदा 1972 चा आहे आणि तो योग्यच आहे, आपल्या जनावराचा रोग रानातल्या जनावराला जायला नको. मुक्ताईनगरकडे वढोद्याचं जंगल तर वाघाचं, तिकडे हौस नको. धुळ्याजवळ लळिंगचं कुरण आहे, लांडोर बंगल्याकडचं, तेही वनखात्याचं, गवत राखलेलं असतं, विचारून जा आणि डिसेंबरनंतर गवत वाळलं की विडी-काडी अजिबात नाही.

नदीच्या पात्राचं मला मनापासून सांगावंसं वाटतं कारण तिथे मी माझी जुनी घोडी जवळजवळ गमावली होती. गिरणेचं पात्र फेब्रुवारीत कोरडं, रुंद, वाळू मऊ, बघितलं की घोडा सोडावासा वाटतो. मी सोडला. चौखूर. वाळू उपसून पडलेले खड्डे नंतर पुरात गाळाने भरतात आणि वर वाळूचा पातळ थर बसतो, वरून सगळं एकसारखं दिसतं. घोडी पोटापर्यंत आत गेली, मी मानेवरून पुढे पडलो. ती जितकी धडपडली तितकी रुतली. जवळ टरबुजाच्या वाडीवर माणसं होती, ती धावत आली, दोन फळ्या आणि पऱ्हाटीचे, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या झाडांचे, भारे पुढच्या पायांखाली टाकले, खोगीर कापून काढलं, छातीमागून दोर घालून सहा जणांनी ओढली तेव्हा अर्ध्या तासाने निघाली. एका पायाचा स्नायू गेला, आठ महिने बांधून होती. तेव्हापासून पात्रात मी फक्त चालतो, तेही जिथे ताजी गुरांची किंवा गाडीची चाकोरी आहे तिच्यावरूनच. तापीचं वेगळं, तिथे हतनूर, सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा अशी धरणं-बॅरेज आहेत, दरवाजे उघडले की खाली पाणी वाढतं आणि वर फुगवट्याच्या कडेला चिखल असतो. काठावरच्या घळ्यांमधून जुन्या वाटा फार सुंदर आहेत, थाळनेरच्या किल्ल्याच्या बाजूला तर मी दरवर्षी जातो, पण घळीत शिरायच्या आधी दुसरं टोक कुठे निघतं ते पायी बघितलेलं असलं पाहिजे, कारण कित्येक घळ्या पुढे बंद होतात आणि मागे वळायला जागा नसते.

सीझन म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात काळी माती खुराला इतकी चिकटते की नाल उपटून हातात येते, आणि मार्चनंतर तीच माती भेगाळते, पाय अडकून मोडेल एवढ्या भेगा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा 44-45 ला जातो, तेव्हा पहाटे साडेपाचला निघून आठच्या आत परत, नाहीतर राहू द्या. कापूस निघून पऱ्हाटी कापली की काही शेतकरी मोकळ्या शेतातनं जाऊ देतात पण पऱ्हाटीचे खुंट राहिलेले असतात, ते भाल्यासारखे लागतात. ज्वारीचं कोवळं किंवा पाण्याविना सुकलेलं पीक तोंडात जाऊ देऊ नका, किराळ लागते, म्हणजे विषबाधा होते. कपाशीच्या बांधावरचं गवतही नको, फवारा उडालेला असतो. कण्हेर तर एक घासही नको.

घोडीबद्दल. सारंगखेड्याची आहे तर एक तपासा, तिला नाच शिकवलेला आहे का. लग्नाच्या घोड्यांना हलगी-डीजेवर पाय उचलायला शिकवतात, अशी घोडी लांबून वरातीचा आवाज आला तरी जागच्या जागी नाचायला लागते आणि अरुंद वाटेवर ते धोक्याचं. ती खोड म्हणून मारू नका, तिला तेच शिकवलंय. आवाज आला की छोट्या गोलात चालवा, लगाम ढिला, मानेवर हात, दोन-तीन महिन्यांत विसरते. ग्लँडर्सची रक्ततपासणी केली नसेल तर सरकारी पशुवैद्यकाकडून आधी करून घ्या, तो रोग माणसालाही होतो आणि त्यात जनावर वाचवता येत नाही, आणि वाटेत कोणत्याही सामायिक हौदात तोंड घालू देऊ नका, स्वतःची बादली ठेवा. पावसाळा संपताना घोडमाश्या वाढतात तेव्हा सर्रा या रोगाकडे लक्ष द्या, ताप येऊन जाऊन, पोटाखाली सूज, खात असून वाळत चाललीय असं वाटलं की लगेच डॉक्टर. धनुर्वाताची लस तर हवीच, बाभळीच्या काट्यांचा मुलूख आहे आपला.

डांबरीवर फिरलेली घोडी एकदम 20 किलोमीटर नेऊ नका. पहिला महिना 8-10 किलोमीटर, बहुतेक चालीनं, ती तासाला साधारण 6 किलोमीटर होते, मधे थोडी दुडकी. परत आल्यावर घोडीच्या पुढच्या डाव्या पायाच्या कोपराच्या मागे हात लावून मिनिटाचे ठोके मोजा. आरामात 28 ते 44 असतात, रपेटीनंतर पंधरा मिनिटांत 60 च्या खाली यायला हवेत. नाही आले तर तुम्ही जास्त नेली, पुढच्या वेळी अंतर कमी करा. घरी आल्यावर खरारा करायच्या आधी चारही खूर उचलून मधला मऊ भाग बोटाने दाबून बघा, वेड्या बाभळीचा काटा आत मोडलेला बाहेरून दिसत नाही. हायवे ओलांडायचा असेल तर उतरून, आणि शक्यतो पुलाखालच्या बोगद्यातूनच, तिथे आवाज घुमतो म्हणून एक-दोनदा रिकाम्या वेळी नेऊन सवय करा. हेल्मेट घाला, जीन्स चालेल, चप्पल नको. घरी लिहून जा कोणत्या वाटेने जाताय.

आता पाण्याचं. घोडी पाण्याला घाबरत नसते, तिला तळ दिसत नाही म्हणून ती थांबते, आणि तिचं बरोबर आहे, गिरणेत माझ्या घोडीने थांबून बघितलं असतं तर बरं झालं असतं. म्हणून टाच मारून, छडी दाखवून आत ढकलू नका. पांझरेच्या एखाद्या पाटावर जा जिथे पाणी घोट्याएवढं आणि खाली खडी आहे, सकाळी नाही, दुपारी चारच्या सुमाराला, ऊन मागून असेल असं उभं राहा म्हणजे चमक डोळ्यात जाणार नाही. सोबत पाण्याला सरावलेली एखादी म्हातारी घोडी आणता आली तर आणा, ती पुढे घाला. तुम्ही स्वतः बूट काढून आत उभे राहा, दोर लांब, ओढायचा नाही, फक्त मागे जाऊ द्यायचं नाही. ती वास घेईल, फुरफुरेल, पायाने पाणी उडवेल, हे सगळं करू द्या. पाय उडवणं थांबवून गुडघे वाकवायला लागली तर मात्र लगेच पुढे चालवा, ती लोळायच्या बेतात असते. पहिल्या दिवशी दोन पाय आत टाकले तरी पुरे, तिथेच गवत चरू द्या आणि घरी या. माझ्या आताच्या घोडीला सोळा दिवस लागले, सतराव्या दिवशी ती स्वतःहून आत गेली आणि मधोमध उभी राहून पाणी प्यायली.